धारेमागची उंची: विहिरीच्या पाण्याचा दाब कुठे हरवतो?

१६३८ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात गॅलिलिओचा अखेरचा मोठा ग्रंथ छापून निघाला. दोन नव्या शास्त्रांविषयी तीन मित्रांचे संवाद, असे त्याचे रूप आहे. त्यातला साग्रेडो एका टाक्याची हकिकत सांगतो. टाक्यावर पंप बसवलेला होता. पाणी एका ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत पंप उत्तम चाले. पातळी त्याखाली गेली की थेंब येईना. यंत्र बिघडले असे समजून साग्रेडोने कारागिराला बोलावले. कारागीर म्हणाला की पंपात काही दोष नाही, पाणीच फार खाली गेले आहे. अशा पंपाने अठरा हातांच्या वर पाणी केसभरही चढणार नाही.

आज एप्रिल उजाडला की कोकणातल्या वाडीवाडीत आणि देशावरच्या वस्त्यांवर हीच हकिकत घडते. मोटर फिरते, आवाज करते, पण टाकी भरता भरत नाही. भरलीच तर नळाला करंगळीएवढी धार, शॉवरमधून थेंब, आणि गॅसचा गिझर पेटायला तयार नाही. मग वायंडिंग तपासून होते, कंडेन्सर बदलून होतो, आणि शेवटी अर्ध्या एचपीच्या जागी दीड एचपीची मोटर येते. पुष्कळ घरांत त्यानंतरही धार होती तेवढीच राहते, कारण जिथे दोष होता तिथे कुणी हातच लावलेला नसतो.

विहिरीच्या घरातला पाण्याचा दाब हा आरंभापासून अखेरपर्यंत उंचीचा जमाखर्च आहे. टाकीने किती उंची जमा केली, पाइपने वाटेत किती खर्च केली आणि तोटीशी किती शिल्लक राहिली, एवढे कळले की दुरुस्ती निम्मी झाली. हा जमाखर्च समजून घेण्यात युरोपातल्या मोठमोठ्या बुद्धिमंतांची दोन शतके गेली. त्यांनी शोधलेले नियम आपल्या परसातल्या विहिरीवर, माळ्यावरच्या टाकीत आणि न्हाणीघरातल्या नळात रोज काम करत असतात.

जमा बाजू: टाकीची उंची

पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ आपल्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार टाकतो. म्हणजे दर मीटर उंचीमागे शंभर ग्रॅम. पाणी किती साठले आहे याला इथे काही किंमत नाही. फ्लेमिश गणिती सिमॉन स्टेव्हिन याने १५८६ सालीच हे मांडले होते: तळाशी पडणारा दाब भांड्याच्या आकारावर किंवा त्यातल्या एकूण पाण्यावर नव्हे, पाण्याच्या उंचीवर ठरतो. पाचशे लिटरची टाकी काढून त्याच जागी दोन हजार लिटरची आडवी टाकी बसवली, तर पाणी जास्त वेळ पुरेल. धार जोरात येणार नाही.

आता साधे एकमजली घर घेऊ. स्लॅब जमिनीपासून तीन मीटरवर, त्यावर टाकी, टाकीत सुमारे मीटरभर पाणी. मोरीतला नळ जमिनीपासून एक मीटरवर. म्हणजे नळाच्या डोक्यावर तीन मीटर पाणी, आणि दाब चौरस सेंटिमीटरला तीनशे ग्रॅम. शॉवर दोन मीटरवर असेल तर त्याच्या वाट्याला दोनशे ग्रॅमच. टाकी रिकामी होत आली की यातूनही मीटरभर उंची वजा होते. दुमजली घरात खाली धार जोरात आणि वरच्या मजल्यावर मात्र बारीक, याचेही कारण हेच. वरचा मजला टाकीच्या जवळ आहे, आणि उंचीच्या हिशेबात जवळ असणे म्हणजे दरिद्री असणे.

यातून पहिली महत्त्वाची गोष्ट हाती येते. नळाला पाणी टाकीतून येत असेल, तर विहिरीवरच्या मोटरचे काम टाकीपाशी संपते. मोटर अर्ध्या एचपीची असो की पाच एचपीची, टाकी भरल्यावर ती बंद होते आणि त्यानंतर नळाला दाब देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची. म्हणून तक्रार नेमकी काय आहे हे आधी ठरवावे. टाकी भरायला वेळ लागतो, की भरलेल्या टाकीतून धार बारीक येते? पहिल्याचे कारण विहिरीकडे शोधायचे, दुसऱ्याचे घराकडे.

गवंड्याची नळी

घराकडचा दोष शोधायला सर्वांत चांगले साधन गवंड्याकडे असते: लेव्हल काढायची पारदर्शक नळी. पाच-सहा मीटरचा तुकडा घ्यावा. त्याचे एक टोक नळाच्या तोटीवर चढवून क्लिपने घट्ट आवळावे. दुसरे टोक हातात धरून जिन्याने गच्चीवर जावे आणि टाकीशेजारी उंच धरावे. घरातले बाकी सगळे नळ बंद असू द्यावेत. खाली कुणाला तरी तो एक नळ पूर्ण उघडायला सांगावे.

नळीतून पाणी चढत येते आणि एका जागी थांबते. टाकीचे झाकण उघडून पाहिले, तर नळीतले पाणी आणि टाकीतले पाणी एकाच रेषेत उभे असते. मधे चार भिंती, दहा-बारा बेंड आणि वीस मीटर पाइप असला तरी बोटभराचाही फरक नसतो. स्थिर पाणी वाटेत काही खर्च करत नाही.

आता खालच्या माणसाला त्याच लाइनवरचा शेजारचा नळ उघडायला सांगावे. पाणी वाहू लागताच नळीतली रेषा झपकन खाली उतरते आणि नव्या जागी स्थिरावते. ती जितकी उतरली, तितकी उंची टाकीपासून त्या फाट्यापर्यंतच्या पाइपने खाल्ली. रेषा वीतभर उतरली तर पाइप निर्दोष आहे. दीड-दोन मीटर उतरली, तर चोर सापडला. हीच परीक्षा एकेका नळावर करत गेले की खर्च मुख्य लाइनमध्ये आहे की एखाद्या फाट्यात, तेही कळते. मोठ्या जलवाहिन्यांवर अभियंते हेच करतात. फक्त त्यांच्या नळीच्या जागी दाबमापक असतो.

नळी चढवल्यावर पाणी टाकीच्या रेषेला पोचते, शेजारचा नळ उघडूनही फारसे उतरत नाही, आणि तरी एका विशिष्ट तोटीची धार बारीक आहे, तर दोष त्या तोटीतच समजावा. जाळी काढून पाहावी. देशावरच्या बेसाल्टमधल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातला चुना शॉवरच्या भोकांत आणि तोटीच्या जाळीत पांढऱ्या खड्यांसारखा साचतो. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात रात्रभर बुडवून ठेवले की तो सुटतो. जांभ्यातल्या पाण्यात चुना कमी असतो, पण अनेक ठिकाणी लोह असते. तिथे जाळीवर तांबूस बुळबुळीत थर धरतो. तो ब्रशने घासून काढावा लागतो.

खर्च बाजू: पाइपचा व्यास

पाइपमध्ये उंची कशी खर्च होते हे मोजून ठेवण्याचे श्रेय प्रामुख्याने ऑन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याला जाते. दिजों हे त्याचे गाव. १८४० साली त्याने बारा किलोमीटरहून लांबच्या झऱ्याचे पाणी झाकलेल्या पाटाने दिजोंत आणले आणि पुढे त्या शहराच्या पाणीपुरवठ्यावर १८५६ साली मोठा ग्रंथ लिहिला. वेगवेगळ्या व्यासांच्या आणि धातूंच्या, नव्या आणि गंजलेल्या पाइपांतून पाणी सोडून त्याने दाबातली घट मोजली आणि पाइपच्या आतल्या खडबडीतपणाला किती महत्त्व आहे ते सिद्ध केले.

या अभ्यासातून उभ्या राहिलेल्या सूत्रात एक चकित करणारी गोष्ट आहे. तेवढेच पाणी वाहून न्यायचे असेल, तर वाया जाणारी उंची पाइपच्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलते. व्यास निम्मा केला तर खर्च सुमारे तीसपट होतो.

आकडे मांडून पाहू. मिनिटाला बारा लिटर, म्हणजे सव्वा मिनिटात पंधरा लिटरची बादली भरेल अशी धार हवी आहे. टाकीपासून नळापर्यंत वीस मीटर गुळगुळीत पाइप आहे. आतला व्यास २५ मिलिमीटर असेल तर वाटेत सुमारे ०.२ मीटर उंची खर्ची पडते. २० मिलिमीटरला हाच आकडा ०.६ मीटर होतो. १५ मिलिमीटरला तो २.४ मीटरवर जातो. आपल्या घरी जमा तीनच मीटर होती. बेंड, टी आणि व्हॉल्व्ह यांचा खर्च त्यात मिळवला की १५ मिलिमीटरच्या पाइपमधून ती धार मिळणे शक्यच नाही. शिवाय अर्धा इंच म्हणून मिळणाऱ्या सीपीव्हीसी पाइपचा आतला व्यास साडेबारा मिलिमीटरच्या आसपासच असतो. जुन्या जीआय पाइपमध्ये गंज आणि क्षार साचून पंधराचे दहा मिलिमीटर उरले, तर खर्च साडेसातपटीच्या घरात जातो. असा पाइप कापून पाहिला की बाहेरून अर्धा इंच दिसणाऱ्या नळीच्या आत पेन्सिल जेमतेम शिरेल एवढीच वाट शिल्लक दिसते.

म्हणून टाकीतून निघणारी मुख्य लाइन सव्वा इंची किंवा एक इंची असावी, न्हाणीघरापर्यंत पाऊण इंच यावी आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या हातभर अंतरात तोटीपाशी वापरावा. घर बांधताना या निर्णयाला लागणारा जादा खर्च किरकोळ असतो. टाइल्स बसल्यावर तोच निर्णय भिंती फोडून घ्यावा लागतो.

टाकीच्या तळाशी असलेला गेटव्हॉल्व्हही तपासावा. जुन्या व्हॉल्व्हमधली पितळी पाटी दांड्यापासून सुटते आणि पाइपच्या वाटेत अडकून बसते. वरचे चाक फिरते, व्हॉल्व्ह उघडल्यासारखा वाटतो, आत मात्र तीन चतुर्थांश वाट बंद असते. त्या जागी पूर्ण भोकाचा बॉलव्हॉल्व्ह बसवला की अर्ध्या तासात घराची धार बदललेली दिसते.

पाइपातली हवा

कमी उंचीच्या टाकीला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे पाइपात अडकलेली हवा. लाइन टाकीतून निघून खाली गेली, मधे खिडकीवरून किंवा दारावरून वर चढली आणि पुन्हा उतरली, की त्या उंचवट्यात हवेचा फुगा बसतो. टाकी एकदा पूर्ण रिकामी होऊन परत भरली की हा प्रकार हमखास होतो. उतरत्या नळीत फूटभर उंचीची हवा अडकली, तर तेवढी उंची हिशेबातून गेली. असे तीन उंचवटे असतील तर तीन मीटरपैकी जवळजवळ एक मीटर तिथेच संपतो.

पूर्वीच्या बांधकाम करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावातून पुणे शहरात पाणी आणणारा भुयारी नळ बांधला गेला. त्या नळावर जागोजागी दगडी उच्छ्वास उभारलेले होते. आतली हवा मोकळी व्हावी, साफसफाईला उतरता यावे, हा त्यांचा उपयोग. उताराच्या बळावर वाहत आलेले हे पाणी शहरातले हौद भरत असे.

आपल्या घरात त्याच कामासाठी टाकीच्या बाहेरच्या तोंडाशी, व्हॉल्व्हच्या पुढे, एक उभी एअर पाइप लावतात. तिचे टोक टाकीतल्या पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर उघडे ठेवायचे. आत अडकलेली हवा काढायची असेल तर मोटरच्या डिलिव्हरीवरची लवचिक नळी खालच्या एखाद्या तोटीला जोडून पाणी उलटे चढवतात. बुडबुडे टाकीतून बाहेर पडतात आणि धार परत येते.

विहिरीवरची हवा

आता विहिरीकडे वळू. साग्रेडोच्या कारागिराला अठरा हातांची मर्यादा ठाऊक होती, पण ती का आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. उत्तर दिले एव्हांजेलिस्ता तोरिचेल्लीने. १६४४ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने काचेच्या नळीतल्या पाऱ्याचा प्रयोग वर्णन केला. पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर उभा राहिला, आणि त्याला तिथे तोलून धरणारे बळ म्हणजे बाहेरच्या हवेचे वजन, असे त्याने मांडले. पाणी पाऱ्यापेक्षा साडेतेरा पटींहून हलके, म्हणून तेच वजन पाण्याचा सुमारे १०.३ मीटरचा स्तंभ तोलते. १९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कालचा मेहुणा पारा घेऊन फ्रान्समधला प्युई द दोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास उतरलेला दिसला. वर गेले की हवा कमी, म्हणून तिचे वजनही कमी.

याचा अर्थ असा की पंप पाणी ओढत नाही. तो सक्शन पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीवरची हवा पाण्याला पाइपात ढकलते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीच्या पाण्यावर हवेचा जो स्तंभ उभा आहे त्याचे वजन सुमारे ७३ टन भरते. पण एवढे अवाढव्य वजनही समुद्रसपाटीला पाणी दहा मीटरच्या थोडेच वर तोलू शकते. महाबळेश्वरच्या उंचीवर ही मर्यादा पावणेनऊ मीटरपर्यंत खाली येते. प्रत्यक्षात पाण्याची वाफ, पाइपातले घर्षण, फूटव्हॉल्व्हची अडचण हे सगळे वजा करावे लागते आणि साध्या मोनोब्लॉक पंपाच्या हाती सहा ते सात मीटरच उरतात.

ऑक्टोबरमध्ये पाणी तीन मीटरवर असते आणि काठावर बसवलेला पंप भरभरून पाणी देतो. मार्चमध्ये ते सहा मीटरवर जाते आणि धार निम्मी होते. एप्रिलच्या शेवटी आठ मीटरवर गेले की पंप कोरडा फिरू लागतो. एचपी वाढवून यावर काही उपाय होत नाही, कारण ढकलण्याचे काम हवेचे आहे आणि मोटर बदलल्याने हवेचे वजन वाढत नाही. उपाय दोनच आहेत. एक म्हणजे पंप पाण्याच्या जवळ नेणे. जुन्या शेतविहिरींत आतल्या बाजूला धक्का बांधून त्यावर पंप ठेवलेला दिसतो, तो यासाठीच. दुसरा म्हणजे पंपच पाण्यात बुडवणे. ओपनवेल सबमर्सिबल पंपाला सक्शनची मर्यादा शिवत नाही, कारण तो पाणी खालून वर रेटतो. बोअरवेलमध्ये शेकडो फुटांवरून पाणी येते तेही या रेट्यानेच.

सक्शनच्या बाजूचा दुसरा नेहमीचा दोष म्हणजे हवा धरणे. डिलिव्हरीचा पाइप गळला तर पाणी ठिबकते आणि दोष दिसतो. सक्शनचा पाइप गळला तर एक थेंबही बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. अशा वेळी डिलिव्हरीला पाणी दुधाळ दिसते, बुडबुडे येतात, धार थांबत थांबत पडते. मोटर चालू असताना सक्शनच्या प्रत्येक जोडावर साबणाचा दाट फेस लावावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे फट आहे. पाइपाच्या तळाशी असलेला फूटव्हॉल्व्ह, ज्याला बऱ्याच गावांत फुटबॉल म्हणतात, तोही काढून पाहावा. त्याच्या जाळीत पाने, मुळे आणि शेवाळ गुंडाळलेले असते. झडपेच्या रबराखाली वाळूचा एक खडा अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, पाइपातले पाणी रात्रीत विहिरीत उतरते आणि सकाळी मोटरला पुन्हा पाणी भरत बसावे लागते.

सक्शन ठीक असेल तर पंपावरची पाटी वाचावी. तिच्यावर हेड मीटरमध्ये लिहिलेले असते. पाणी आठ मीटर खाली, टाकीचे तोंड जमिनीपासून सात मीटर वर, पाइपातले घर्षण तीन मीटर, अशी बेरीज अठरा मीटर झाली. सेकंदाला एक लिटर पाणी अठरा मीटर चढवायला निव्वळ १७७ वॉट लागतात. छोट्या पंपाची कार्यक्षमता बेताची धरली तरी अर्धा ते एक एचपी पुरतो, आणि हजार लिटरची टाकी सतरा मिनिटांत भरते. याहून फार जास्त वेळ लागत असेल तर एचपी वाढवण्याआधी इम्पेलरची झीज, ग्लँडमधली गळती आणि घराला मिळणारे व्होल्टेज तपासावे. पंपाचे हेड त्याच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. फेरे दहा टक्क्यांनी घटले तर हेड एकोणीस टक्क्यांनी घटते.

खडकाचे देणे

मोठी मोटर बसवण्यातला सर्वांत मोठा धोका विहिरीच्या तळाशी आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे. घट्ट काळ्या पाषाणात पाणी साठत नाही. ते साठते वरच्या मुरुमात, भेगांत, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यांत. कोकणातला जांभा याउलट सच्छिद्र. त्यात पावसाचे पाणी भराभर मुरते आणि उतारावरून तितक्याच भराभर निघूनही जाते. म्हणून तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात.

विहिरीत पाणी किती वेगाने येते याचा पायाही दार्सीनेच घातला. १८५६ च्या त्याच ग्रंथात, वाळूतून पाणी गाळण्याच्या प्रयोगांवरून, त्याने भूगर्भातल्या प्रवाहाचा नियम मांडला आणि आजचे सारे भूजलशास्त्र त्यावर उभे आहे. आजूबाजूच्या खडकातली पातळी आणि विहिरीतली पातळी यांत जेवढा फरक, तेवढ्या प्रमाणात पाणी आत येते. विहिरीला पाणी देणारी गोष्ट आणि नळाला धार देणारी गोष्ट एकच आहे: उंचीतला फरक.

आवक मोजणे अगदी सोपे आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी एक सेंटिमीटर चढली म्हणजे सत्तर लिटर पाणी आले. उपसा थांबवून पातळी मोजावी, तासाभराने पुन्हा मोजावी. दहा सेंटिमीटर चढली तर आवक तासाला सातशे लिटर. पाच माणसांच्या घराला, माणशी १३५ लिटर हा शहरी निकष धरला तरी, दिवसाला ६७५ लिटर पुरतात. म्हणजे तासाभराची आवक दिवसाची गरज भागवते. अट एवढीच की तासाला पाच हजार लिटर उपसणारी मोटर लावून विहीर दहा मिनिटांत कोरडी करायची नाही. छोटी मोटर, मोठी टाकी आणि थोडा थोडा उपसा, हा विहिरीच्या स्वभावाला धरून असलेला मार्ग आहे.

आवकच घटली असेल तर गाळ काढावा आणि पावसाळ्यात छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. शंभर चौरस मीटर छपरावर सातशे मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ऐंशी टक्के गोळा झाला, तर ते ५६ हजार लिटर होतात.

गाळ काढायला उतरण्याबाबत एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. बंद किंवा खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि जड वायू तळाशी साचलेले असू शकतात. त्यांना बहुधा वास नसतो, रंग नसतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, असे अपघात दर उन्हाळ्यात होतात. डिझेल इंजिन विहिरीत उतरवणे तर प्राणघातक आहे. ताजी हवा भरपूर वेळ खेळवल्याशिवाय, कमरेला दोर आणि वर ओढणारी माणसे असल्याशिवाय कुणीही उतरू नये. पंपाचा मेन स्विच आधी बंद करावा आणि त्या लाइनवर विजेची गळती पकडणारा ब्रेकर असावा.

दाब वाढवायचाच असेल तर

सगळे दोष दूर झाले, पाइप मोकळा झाला, हवा निघाली, तरी वरच्या मजल्यावरच्या शॉवरला तीन मीटर उंची अपुरीच पडते. तेव्हा जमा बाजू वाढवावी लागते.

पहिला मार्ग टाकी उंच करण्याचा. इथे पुन्हा तोरिचेल्ली भेटतो. पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हे त्यानेच दाखवले. टाकी दीड मीटर उचलली, तीनचे साडेचार मीटर झाले, तरी धार सुमारे बावीस टक्क्यांनीच वाढते. त्याच घरातला १५ मिलिमीटरचा पाइप बदलून २० मिलिमीटरचा टाकला, तर धार जवळजवळ दुप्पट होते. म्हणून पाइप आधी, स्टँड नंतर. शिवाय हजार लिटरची भरलेली टाकी टनभर वजनाची असते. तिचा स्टँड कॉलमवर किंवा बीमवर यावा आणि जाणकाराला विचारूनच उभारावा.

दुसरा मार्ग टाकीच्या बाहेरच्या तोंडाशी प्रेशर पंप बसवण्याचा. नळ उघडला की तो आपोआप सुरू होतो आणि दहा-पंधरा मीटरची उंची विजेच्या बळावर देतो. तो लावण्याआधी जुने जोड आणि गिझरवर लिहिलेली दाबाची मर्यादा पाहून घ्यावी.

तिसरा मार्ग प्रेशर टँकचा. अमेरिकेतल्या विहिरीच्या घरांत गच्चीवर टाकी नसते. तिथे हाच प्रघात आहे. पोलादी टाकीत रबरी पडदा असतो, त्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पंप पाणी भरतो तसतशी हवा दाबली जाते. नळ उघडला की ती हवा पाणी बाहेर ढकलते. १६६२ साली रॉबर्ट बॉइलने मांडलेला हवेच्या दाबाचा आणि आकारमानाचा नियम इथे घरच्या घरी काम करतो. अशा टाकीतली हवा निघून गेली की पंप नळ उघडताक्षणी सुरू आणि बंद होत राहतो. तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करून गाडीच्या टायरच्या मापकाने हवा तपासावी आणि पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून दोन पौंड कमी ठेवावी.

हे सगळे करण्याचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. आधी तोटीची जाळी, मग व्हॉल्व्ह, मग अडकलेली हवा, मग फूटव्हॉल्व्ह आणि सक्शनचे जोड, त्यानंतर पाइपचा व्यास, आणि मोटर सर्वांत शेवटी. याबरोबर एक सवय लावून घ्यावी. विहिरीच्या आतल्या भिंतीवर काठापासून दर अर्ध्या मीटरला रंगाने खूण करावी, दर महिन्याच्या एक तारखेला पाण्याची पातळी आणि टाकी भरायला लागलेला वेळ वहीत लिहावा. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर वर्षानुवर्षे अशीच नोंद ठेवत आली आहे. पातळी तीच असून वेळ वाढत चालला, तर दोष पंपात किंवा पाइपात आहे. पातळी उतरते तसा वेळ वाढतो आणि पावसाळ्यानंतर पूर्ववत होतो, तर पंप निर्दोष आहे. ज्या घरात ही वही आहे, त्या घराला नवी मोटर कधी घ्यायची आणि कधी घ्यायची नाही हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.